वकील ॲव्होगाड्रो

फर्स्ट इयरला ज्याच्या आकड्याने आपलं डोकं खाल्लं, तो ॲव्होगाड्रो शिक्षणाने वकील! हे वाचल्यापासून मला तो जरा आपल्यातला वाटायला लागला. घरच्यांची लाइन एक, आवड दुसरीच.

जन्म १७७६चा, इटलीतल्या तुरीनचा. विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्याची पदवी घेतली. मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात. पुढे व्हर्चेल्लीला शिकवत असताना १८११ साली त्याने एक निबंध छापला. तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच, हे त्याचं म्हणणं. त्यावरून पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन, ऑक्सिजनचा एक. डाल्टन मात्र एकास एकच धरून बसला होता.

यात काय एवढं? आपला मोरचूद घ्या. एक मोल म्हणजे २४९.७ ग्रॅम. त्यात पाणी पाच मोल, अठरा पाचे नव्वद ग्रॅम. गणितात ०.१ मोल दिला तर वजन २४.९७ ग्रॅम, पैकी पाणी ९, म्हणजे ३६ टक्के. आता पाण्यात हायड्रोजन एकच माना आणि ऑक्सिजन १६ ऐवजी ८ धरा. त्या काळी पुष्कळजण तसंच धरायचे, तांबं आणि गंधकही निम्म्याने. पाणी झालं ९, नऊ पाचे पंचेचाळीस, अख्खा मोरचूद साधारण १२५. टक्केवारी काढून बघा, पुन्हा ३६च! भट्टीत तापवा, वजन करा, तराजू दोघांनाही फुल मार्क देतो. नुसत्या वजनाने हे भांडण मिटणारच नव्हतं. वायूंची आकारमानं मोजायला हवी होती, आणि ती किल्ली या माणसाने आधीच देऊन ठेवली होती.

पण ऐकतो कोण! सारखे दोन अणू एकमेकांना धरून राहतात हेच मोठमोठ्यांना पटेना. १८२०ला तुरीनमध्ये प्राध्यापकी मिळाली, तर १८२१च्या राजकीय उठावानंतर तीही गेली. परत मिळायला १८३४ उजाडलं. १८५६ साली तो वारला. चारच वर्षांनी कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने त्याचं म्हणणं रसायनशास्त्रज्ञांपुढे ठासून मांडलं, तेव्हा कुठे हळूहळू लोकांना पटलं.

त्या संख्येला त्याचं नाव दिलं पेराँने, १९०९ साली. त्याने स्वतः ती कधी मोजलीच नव्हती.