समजून घ्या : किरकोळ अंगकाठीमुळे कॉलेजच्या स्पर्धेत नाकारलेला मुलगा ऑलिम्पिक पदकापर्यंत कसा पोहोचला?

कॉलेज सुरू झाले की काही आठवड्यांतच नोटीस बोर्डावर कागद लागतो. हॉकी, कबड्डी, कुस्ती, खो-खो, अमुक तारखेला मैदानावर निवड चाचणी. ज्युनिअर स्पर्धा खेळून आलेली मुले प्रमाणपत्रांची फाईल घेऊन येतात. क्रीडा शिक्षक उंची बघतात, अंगकाठी बघतात, दोन-चार मिनिटांचा खेळ बघतात आणि यादी लागते. मुळशी तालुक्याच्या वेशीवर असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात सरावाला येणाऱ्या अनेक मुलांना ही यादी चांगलीच परिचयाची आहे.

या दोन-चार मिनिटांच्या निर्णयात किती काही पणाला लागलेले असते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा पैलवान कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेतूनच बाद होणार होता.

कोण होते खाशाबा?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने लहानपणापासून लाल मातीशी नाते जुळले. १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. याच काळात ‘चले जाव’ चळवळीतही त्यांनी भाग घेतला.

कॉलेजमध्ये नेमके काय घडले?

शाळेनंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून इथे तालमींना राजाश्रय होता. पैलवान म्हणजे धिप्पाड गडी, हेच चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असायचे.

खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगाने किरकोळ. वार्षिक स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांना घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांच्याकडे गेले आणि खेळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग आखाड्यात त्यांनी आपल्यापेक्षा वजनदार मल्लांना चीत केले.

खाशाबांचे बळ वजनात नव्हते. चपळाई, पकड आणि डावपेच ही त्यांची खरी ताकद होती. ती अंगकाठीवरून दिसत नाही, प्रत्यक्ष लढतीतच कळते.

पहिले ऑलिम्पिक : मातीवरून मॅटवर

कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. सगळे आयुष्य मातीत कुस्ती केलेली आणि तिथे मॅट. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवली की निकाल लागतो, मॅटवर मात्र ठरावीक वेळ आणि गुणांचा हिशेब असतो. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांच्याकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले. एवढ्या तयारीवर फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी मॅटवरील कुस्तीसाठी कसून मेहनत घेतली.

हेलसिंकीला जायला पैसे कुठून आले?

१९५२ च्या संघनिवडीतही त्यांची वाट सोपी नव्हती. मद्रासच्या स्पर्धेतील निकाल त्यांना मान्य नव्हता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना हरवून संघातील जागा मिळवली.

जागा मिळाली, पण प्रवासाचा खर्च स्वतःच उभा करायचा होता. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तेवढ्याने भागेना, तेव्हा खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. कॉलेजच्या स्पर्धेत ज्यांनी संधी दिली, तेच पुन्हा पाठीशी उभे राहिले.

२३ जुलै १९५२ : त्या दिवशी काय झाले?

खाशाबा ५७ किलो, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लढत लांबली आणि त्यात ते हरले. इशी पुढे सुवर्णपदक विजेते ठरले. या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याविरुद्ध उतरवण्यात आले. हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ही लढतही गेली आणि कांस्यपदक हाती आले.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे दुसरे पदक अगदी थोडक्यात हुकले.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. बलबीरसिंग यांनी एकट्याने ५ गोल केले. देशभर हॉकीचाच जल्लोष झाला आणि कांस्यपदकाची बातमी मागे पडली. गावाने मात्र कसर ठेवली नाही. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

पदकानंतर काय मिळाले?

थोडक्यात पाहू.

• १९५५ : पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून भरती. सुमारे २७ वर्षे सेवा, पण बढतीसाठी प्रदीर्घ प्रतीक्षा. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्ती.

• निवृत्तीनंतर : पेन्शनसाठी झगडावे लागले.

• १४ ऑगस्ट १९८४ : रस्ता अपघातात निधन.

• मरणोत्तर : राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, त्यानंतर अर्जुन पुरस्कार. पद्म पुरस्कार मात्र मिळालेला नाही.

• २०१० : दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव.

• आता : १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

आज हे का महत्त्वाचे?

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य जिंकले. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर ७२ वर्षांची होती. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्य मिळवले. तेही कोल्हापूर जिल्ह्याचेच. मात्र स्वप्नील यांना शाळकरी वयातच राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने निवडले होते, पुढे बालेवाडीची शूटिंग रेंज आणि रेल्वेची नोकरी मिळाली. खाशाबांच्या वेळी ही साखळी नव्हती. होते ते फक्त एक प्राचार्य आणि वर्गणी काढणारे गाव.

आज खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, विद्यापीठांसाठी ‘खेलो इंडिया’ स्पर्धा आहेत. पण या सगळ्याची सुरुवात शाळा-कॉलेजच्या संघापासूनच होते. त्या पहिल्या यादीत नाव आले नाही, तर पुढच्या स्पर्धा नाहीत, प्रमाणपत्र नाही आणि त्याच्या आधारे मिळणारी नोकरीही नाही.

म्हणूनच निवड चाचणी घेणाऱ्यांनी किरकोळ दिसणाऱ्या मुलालाही एकदा मैदानात उतरवून बघायला हवे. आणि यादीत नाव नसलेल्या मुलाने प्राचार्यांच्या केबिनचे दार एकदा तरी ठोठवायला हवे. राजाराम कॉलेजात ते दार उघडले, म्हणून भारताच्या खात्यात एक पदक जमा झाले.