थर जोडणारा माणूस : लिओ बेकलंड

२२ जुलै २०२१ हा दिवस आमच्या भागात कोणाला विसरता येणार नाही. वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि माझ्या आत्याच्या घरात माणसाच्या डोक्यावरून गेले. आम्ही लोटेला राहतो. आमचे गाव उंचावर, त्यामुळे आम्ही वाचलो. पाणी ओसरल्यावर परशुराम घाट उतरून बाबा आणि मी आत्याकडे चिखल उपसायला गेलो. पुस्तकांचे कपाट पाहून बाबा दारातच थांबले. ते कपाट त्यांनी स्वतःच्या हाताने बनवले होते. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याच्या फळ्यांचे थर सुटून लोंबत होते. आत्या काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. पण सुताराच्या बहिणीच्या घरी सुताराचेच काम उघडे पडावे, ही गोष्ट त्यांच्या मनाला किती लागली, हे मला दिसत होते.

स्वयंपाकघरात मात्र एक नवल होते. ओट्याखालची एक फळी जशीच्या तशी होती. तीही प्लायवूडचीच. कुठल्याशा जुन्या कामातून उरलेला मरीन प्लायचा तुकडा बाबांनी तिथे बसवला होता. दोन्ही फळ्या एकाच घरात, एकाच पाण्यात बुडालेल्या. मग एक फुटली आणि दुसरी का टिकली? कपाटाची प्लाय पाण्यात टिकणारी म्हणूनच बाबांना विकली गेली होती. विकणाऱ्याचे नाव इथे घालण्याचे कारण नाही. आमच्या शेजारी औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक काका राहतात. त्यांनी उलगडा केला. फरक लाकडाचा नव्हता, दोन थरांमधल्या गोंदाचा होता. टिकलेल्या फळीत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांची राळ होती. ही राळ माणसाच्या ताब्यात कोणी आणली, असे मी विचारले. त्यांनी एक नाव सांगितले : बेकलंड.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राची आणि माझी ताटातूट दहावीनंतरच झाली. तरीही त्या फुटक्या कपाटामुळे मी या माणसाच्या चरित्राच्या मागे लागले. ते चरित्र आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण त्याची सुरुवात एका कारागिराच्या घरातच होते.

लिओ हेन्ड्रिक बेकलंड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील घेंट या शहरी झाला. वडील जोडे शिवून पोट भरत, तर आई लग्नापूर्वी लोकांच्या घरी कामाला जाई. मुलाने आपल्याच धंद्यात यावे असे वडिलांना वाटे. आईने मात्र मुलाच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. मुलगाही असा हुशार निघाला, की शिष्यवृत्तीच्या बळावर तो सतराव्या वर्षी घेंट विद्यापीठात दाखल झाला आणि १८८४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, डॉक्टर झाला. पुढे तो प्राध्यापक झाला. ज्या स्वार्ट्स गुरुजींच्या हाताखाली तो शिकला, त्यांची कन्या सेलीन हिच्याशी १८८९ साली त्याचा विवाह झाला. आपल्याकडे अशा मुलाला लोक म्हणाले असते, की आता याने सुखाने नोकरी करावी.

पण त्याच वर्षी प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन हे जोडपे अमेरिकेला गेले आणि बेकलंड तिथेच राहिले. आधी त्यांनी फोटोग्राफीच्या सामानाच्या एका कंपनीत नोकरी केली. मग स्वतंत्रपणे सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. एकाच वेळी दहा कल्पनांच्या मागे धावून पैसा संपला आणि त्यात जबर दुखणे आले. अंथरुणाला खिळले असता त्यांनी मनाशी एक निश्चय केला. यापुढे दहा ठिकाणी हात घालायचा नाही, एकच काम धरायचे आणि तडीस न्यायचे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला मोठा शोध हाच होय. बाकीचे शोध त्यातून निघाले.

ते एक काम म्हणजे वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद. त्या काळी छायाचित्र छापायला सूर्यप्रकाश लागे. आभाळ भरून आले की छायाचित्रकार हात जोडून बसत. बेकलंड यांच्या कागदावर दिव्याच्या उजेडात छायाचित्र छापता येई. १८९३ साली न्यूयॉर्कजवळ याँकर्स येथे त्यांनी भागीदारीत कारखाना काढला. ते वर्ष अमेरिकेत मंदीचे होते. शिवाय उन्हाची सवय जडलेले छायाचित्रकार कागदासोबतच्या सूचना वाचत नसत आणि कागदालाच नावे ठेवीत. सहा वर्षे अशी झुंज दिल्यावर १८९९ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी तो कारखाना विकत घेतला. बेकलंड छत्तिसाव्या वर्षी श्रीमंत झाले. त्यांनी हडसन नदीकाठी घर घेतले, आवारात प्रयोगशाळा थाटली आणि पुन्हा विद्यार्थी होऊन वीज-रसायनशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीला जाऊन आले.

आता या कथेत आपला देश येतो. विजेचा प्रसार होत होता, आणि तारांवर व यंत्रांवर विजेला अडवणारे आवरण हवे होते. ते काम लाख करीत असे. लाख म्हणजे आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील इवल्या किड्यांचा स्राव. बाबांच्या लाकडावरच्या पॉलिशची हीच ती लाख. तिची मागणी वाढली, पण किडे काही माणसाच्या घाईने काम करीत नाहीत. लाखेला पर्याय शोधायचा, असे बेकलंड यांनी ठरवले.

फिनॉल हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे. फॉर्मल्डिहाइड तर आपल्या ओळखीचे आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेत बाटलीतला बेडूक ज्या फॉर्मलीनमध्ये असतो, त्यातले ते द्रव्य. या दोन जातींच्या पदार्थांचा संयोग होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ बायर यांनी १८७२ सालीच पाहिले होते. पण भांड्यात एकदम खदखद होई आणि तळाशी कशातही न विरघळणारा चिकट गोळा उरे. तो ज्या भांड्यात होई, ते भांडे फेकून द्यावे लागे. इतर रसायनतज्ज्ञांनी हा घाणेरडा गोळा टाळला. जे कशातही विरघळत नाही तेच तर आपल्याला हवे, असा उलटा विचार बेकलंड यांनी केला.

प्रथम त्यांनी लाखेसारखी विरघळणारी एक राळ केली. तिला फारसे यश आले नाही. मग ते लाकडाकडे वळले. लाकडाला वरून लेप देण्यापेक्षा ही द्रव्ये लाकडाच्या आत मुरवून तिथेच घट्ट करावीत, म्हणजे नरम लाकूडही कठीण होईल, असा त्यांचा तर्क होता. १९०७ सालच्या जून महिन्यात प्रयोगांनी वेग घेतला. त्यांच्या ध्यानात आले, की ही क्रिया तीन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर राळ पातळ असते. दुसऱ्या पायरीवर ती घट्ट होते, पण उष्णतेने मऊ पडते. तिसऱ्या पायरीवर ती दगड होते, आणि मग ती वितळतही नाही आणि विरघळतही नाही. मधल्या पायरीवर तिला थांबवून ठेवायचे आणि हव्या त्या जागी नेऊन शेवटची पायरी चढवायची, यात सारे कसब होते. शेवटच्या उष्णतेत वाफा सुटून पदार्थ पावासारखा फुगे. ते टाळण्यासाठी त्यांनी बंद भांड्यात दाब दिला. उष्णता आणि दाब या जोडीचे पेटंट त्यांनी जुलै १९०७ मध्ये मागितले आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत आपला शोध जाहीर केला. पदार्थाला नाव दिले बेकेलाइट. १९१० साली त्यांची कंपनी उभी राहिली. जुने काळे टेलिफोन, विजेची बटणे, रेडिओची खोकी हे सारे त्या घाणेरड्या गोळ्याचे वंशज.

पण बाबांच्या दृष्टीने या गोष्टीचा महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे. ओकॉनर आणि फेबर या दोघा अमेरिकन तरुणांनी कापड व कागद या राळेत भिजवून, थरावर थर ठेवून, तापत्या दाबयंत्रात दाबले. ते सारे थर मिळून एकच कडक पत्रा झाला. अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या जागी वापरायचा म्हणून १९१३ साली त्यांनी त्याचे नाव फॉर्मायका ठेवले. आपल्या घरातील टेबलावरचा सनमायका हा त्याच कुळातला. त्याच्या पोटात फिनॉलच्या राळेत भिजलेले तपकिरी कागद असतात आणि वर मेलॅमिनच्या राळेतला नक्षीचा एक कागद.

प्लायवूडचेही तसेच. लाकडाचे पातळ पत्रे सोलून, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या, असे रचून चिकटवायचे, ही युक्ती जुनी होती. पण पूर्वीचे गोंद सरसाचे, दुधातल्या केसीनचे, नाहीतर सोयाबीनचे. पाणी लागले की ते हार मानत. १९३०च्या दशकात फिनॉलची राळ गोंद म्हणून आली आणि प्लायवूड होडीलाही चालू लागले. पुढे स्वस्त म्हणून युरियाची राळही आली. कोरड्या खोलीत ती उत्तम, पण ओल फार वेळ राहिली की तिचे बंध सुटू लागतात. आत्याच्या कपाटाचे काय झाले असावे, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेलच. मरीन प्लायच्या भारतीय मानकात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहिले जाते.

बेकलंड यांना मान मिळाला, शंभराहून अधिक पेटंटे मिळाली. १९२४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. पण मनुष्य म्हणून ते एकटे पडत गेले. पहिली मुलगी लहानपणीच वारली होती. मुलाला धंद्यात रस नव्हता, त्यावरून दोघांत कुरबुरी होत. १९३९ साली त्यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली. उतारवयात ते विक्षिप्त झाले. दारात बोट आणि मोठी बाग असलेला हा धनिक डब्यातले अन्न डब्यातूनच खाई. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

या चरित्राला दुसरी बाजू आहे, आणि लोटेच्या मुलीने ती लपवू नये. जे वितळत नाही आणि विरघळत नाही, ते कुजतही नाही. बेकलंड यांनी ज्या गुणासाठी जिवाचे रान केले, तोच गुण आज कचऱ्याच्या ढिगात अवगुण झाला आहे. फॉर्मल्डिहाइड डोळ्यांना झोंबते आणि ते कर्करोगकारक ठरले आहे. आमच्या गावाने रसायनांच्या कारखान्यांमुळे घरोघर पगार पाहिला. खाली दाभोळ खाडीकाठच्या भोई बांधवांनी मात्र मेलेले मासे पाहिले आणि वर्षानुवर्षे त्याबद्दल दाद मागितली. शोध लावणारा तिसऱ्या पायरीवर थांबतो. चौथी पायरी, म्हणजे वापरून झाल्यावर त्या वस्तूचे काय करायचे, ती त्याने आपल्यासाठी सोडलेली असते.

आत्याचे कपाट बाबांनी पुन्हा बांधून दिले, पैसे न घेता. या खेपेस प्लाय घेण्यापूर्वी त्यांनी नमुन्याचा तुकडा मागून आणला आणि मागील दारच्या चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला. ७२ तास जळण घालणे आम्हाला परवडणारे नव्हते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही आळीपाळीने लाकडे सारली. रात्री बाबांनी तुकडा बाहेर काढला, पटाशीचे टोक थरात घालून पाहिले आणि मान डोलावली. थर सुटला नव्हता. घेंटच्या त्या जोडे शिवणाऱ्याच्या मुलाचे नाव बाबांना अजून नीट उच्चारता येत नाही. पण त्या रात्री पातेले घासताना मला वाटले, की त्यांची ओळख झाली आहे.