मागेल त्याला काम

मुलांनो, वसई-विरारच्या वीटभट्ट्यांवर राबणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांतली कितीतरी जव्हार-मोखाड्याकडून येतात. भाताची कापणी संपली की गावात काम उरत नाही, म्हणून ती मुलाबाळांसह घर सोडतात. अशा माणसांना आपल्या गावाजवळच काम मिळाले तर? खेड्यातून आलेल्या एका आमदाराने याच प्रश्नाचा ध्यास घेतला. त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म 1910 सालचा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. ते वकील झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि पुढे विधान परिषदेत गेले. 1960 ते 1978 अशी 18 वर्षे ते तिचे सभापती होते. सभापतीचे काम सभागृह चालवण्याचे. योजना आखणे हे काही त्याचे काम नव्हे. पण पागे यांचे लक्ष शेतावरच्या मजुरांकडे असे.

एकदा शेतावर असताना त्यांनी पत्नीला विचारले, की ठरावीक रक्कम हाती दिली तर किती मजुरांना किती दिवस काम देता येईल? त्यांनी घरच्या अनुभवावरून हिशेब सांगितला. त्यावरून पागे यांनी साऱ्या राज्याचा हिशेब मांडला आणि तो मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवला, असे सांगतात. 1965 साली तासगाव भागात प्रयोग झाला. मग 1972 चा भयंकर दुष्काळ आला. पिके गेली, विहिरी आटल्या. त्या दिवसांत लाखो माणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर जगली.

एवढा पैसा कोठून आणायचा? त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर सुरू झाला. शहरातल्या पगारदाराचा हात खेड्यातल्या मजुराच्या रोजीला लागला.

रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. अर्ज करणाऱ्याला 15 दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. काम मागणे हा आता मजुराचा हक्क झाला. हक्क, मजूर, अर्ज, कायदा हे शब्द तुमच्या उर्दूतलेच आहेत. त्यांचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. कोठे मजुरी महिनोन्‌महिने रखडली, कोठे हजेरीपटावर खोटी नावे चढली.

पागे 1990 साली वारले. त्यानंतर 15 वर्षांनी, 2005 साली, संसदेने साऱ्या देशातील खेड्यांसाठी रोजगार हमीचा कायदा केला.