चुंबकीय क्षेत्राचा सूक्ष्म वेध घेणारे डॉ. के. एस. कृष्णन

नवी दिल्ली : राजधानीतील पुसा परिसरात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ज्या मार्गावर उभी आहे, त्याला तिचे पहिले संचालक डॉ. करिअमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचे नाव आहे. त्यांचा उल्लेख बहुधा रामन परिणामाच्या ओघातच होतो. त्यांचे स्वतंत्र कार्य मात्र चुंबकत्वाच्या मापनात आहे.

तमिळनाडूतील वत्रप येथे 4 डिसेंबर 1898 रोजी जन्मलेले कृष्णन कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी झाले. फेब्रुवारी 1928 मधील त्या ऐतिहासिक प्रयोगांत त्यांचा मोठा वाटा होता आणि शोधाच्या पहिल्या टिपणावर दोघांचीही नावे होती. 1930 चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले.

तोवर कृष्णन ढाका विद्यापीठात प्रपाठक झाले होते. तेथे त्यांनी वेगळीच वाट धरली. स्फटिक चुंबकीय क्षेत्राला सर्व दिशांनी सारखा प्रतिसाद देत नाही. हा अत्यल्प फरक मोजायचा कसा, हा प्रश्न होता. कृष्णन यांची युक्ती साधी होती. क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूला टांगलेला स्फटिक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवायचा आणि तंतूला वरून हळूहळू पीळ द्यायचा. क्षेत्र स्फटिकाला धरून ठेवते, पीळ त्याला फिरवू पाहतो. एका विशिष्ट कोनाला ही पकड सुटते व स्फटिक एकाएकी गर्रकन फिरतो. तो कोन टिपला की दोन दिशांमधील प्रतिसादाचा फरक गणिताने निघतो. त्यावरून नॅप्थॅलिनसारख्या स्फटिकात रेणू कोणत्या कलाने बसले आहेत, याचाही माग लागला. इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणारे आजचे इवलेसे संवेदक क्षेत्राची दिशा आणि तीव्रता क्षणार्धात सांगतात. त्या काळी सारी भिस्त तंतूवर आणि प्रयोगकर्त्याच्या संयमावर होती.

1933 मध्ये ते कोलकात्यास परतले, 1940 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि 1942 मध्ये अलाहाबाद विद्यापीठात गेले. 1947 मध्ये दिल्लीतील नव्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. संशोधनात रमणाऱ्या या माणसाच्या वाट्याला आता इमारती, उपकरणे आणि मापनाची राष्ट्रीय मानके उभारण्याचे काम आले. 21 जानेवारी 1950 रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. 1954 मध्ये पद्मभूषण आणि 1958 मध्ये पहिला भटनागर पुरस्कार कृष्णन यांना लाभला.

जून 1961 मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले. याच प्रयोगशाळेत सिद्ध झालेली न पुसणारी शाई पुढच्याच वर्षी, 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत, मतदारांच्या बोटांवर उमटली.