माणसे घडवणारा कारखानदार

गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावातील सायकलींच्या छोट्या दुकानापासून व्यवसायास आरंभ केला. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना व कामगारांची वसाहत वसवली. माणूस निवडताना त्यांनी पदवीपेक्षा अंगचा कल पाहिला. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता झाले, शिक्षणात अयशस्वी ठरलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापकपदी पोहोचले, तर एकेकाळचे दरोडेखोर विश्वासू पहारेकरी बनले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जळगावच्या डाळमिलचालकांनी व धुळ्याच्या यंत्रमागधारकांनी त्यांच्याकडून घ्यावे ते हेच: मोठ्या पगाराची ऐपत नसलेल्या लघुउद्योगाने हाताशी असलेली माणसेच पारखून घडवावीत.