‘ब्रह्मा’ ग्रहाचे गणित मांडणारे व्यंकटेश बापूजी केतकर



आपल्या अमिरातीने २०२३ साली एक मोठी मोहीम जाहीर केली. २०२८ मध्ये यान पाठवायचे, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातील सात लघुग्रह पाहायचे आणि शेवटी जस्टिशिया या लघुग्रहावर उतरायचे, अशी योजना आहे. इतक्या लांबचा खडक अमुक दिवशी कुठे असेल, हे आधी कागदावर मांडता आले तरच यान तिथे पोचणार. ग्रहांच्या गतीची अशी मांडणी आयुष्यभर, आणि तीही बागलकोटला शाळा सांभाळून, करणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्यांची ओळख आम्ही या वेळी करून देत आहोत.

केतकर म्हटले की ज्ञानकोशकार आठवतात. हे केतकर वेगळे. यांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, गाव नरगुंद, म्हणजे आजचे कर्नाटक. ते चार वर्षांचे असताना नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि संस्थान बुडाले. केतकर पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात लागले आणि नोकरीतली बरीच वर्षे बागलकोटच्या इंग्रजी शाळेत राहिले. जवळ मोठी वेधशाळा नव्हती. होते ते संस्कृत, इंग्रजी आणि गणित.

त्या काळी आपल्याकडची पंचांगे मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला. ग्रंथ उत्तमच, पण पावणेचारशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या आणि ग्रहणाची गणिताने आलेली वेळ व आकाशात दिसणारी वेळ जुळेनाशी झाली. केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपीय आकडे घेऊन सुधारणा सुरू केली होती. केतकरांनी त्याच वाटेने पुढे जाऊन ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’ आणि ‘वैजयंती’ असे ग्रंथ लिहिले, तेही संस्कृतात, म्हणजे शास्त्रीमंडळींना परके वाटू नयेत. आम्हाला यात त्यांचे शहाणपण दिसते. गणित नवे द्यायचे, पण ज्या माणसाला ते वापरायचे आहे त्याच्याच भाषेत.

आपल्याला इथे दुबईत याचा अनुभव दर संकष्टीला येतो! मुंबईच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही. आपले घड्याळ दीड तास मागे असले, तरी दुबई मुंबईच्या सुमारे साडेसतरा अंश पश्चिमेला असल्याने आकाश साधारण सत्तर मिनिटांनीच मागे असते. ऋतुमानाने त्यातही थोडा फरक पडतो. पंचांगकार याला देशांतर संस्कार म्हणतात.

मोठा वाद झाला तो राशिचक्र कुठून मोजायचे याचा. लोकमान्य टिळक रेवती नक्षत्राच्या बाजूचे, केतकर चित्रेच्या. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे, म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीला येते. कधी कधी अधिक महिनाही वेगळा येतो. टिळकांसारख्या माणसासमोर दुसरी बाजू धरणे सोपे नव्हते. पुढे १९५५ साली मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्षालाच जवळ असलेला आरंभ स्वीकारला. तो दिवस पाहायला दोघेही नव्हते.

आता ब्रह्मा. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा एक लेख आला. लाप्लासच्या गणिताचा आधार घेऊन त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेला २४२.२८ वर्षे, असे त्यांचे उत्तर होते. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट, काळ २४८ वर्षे!

म्हणून प्लूटोचा शोध केतकरांचाच, असे अभिमानाने सांगणारे लेख आपण वाचतो. आम्हाला इतके म्हणवत नाही. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह सापडला तेव्हा प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या भागाइतकेच असल्याचे कळले. युरेनस-नेपच्यूनला ओढण्याची ताकद त्याच्यात नाही. त्यामुळे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी वर्तवलेली जागाही योगायोगानेच जुळली, असे आज मानतात. केतकरांचे आकडे त्याच मापाने तोलायला हवेत. मात्र पत्रव्यवहाराला आठवडे लागत त्या काळात बागलकोटचा एक शिक्षक पॅरिसच्या पत्रिकेत आकडे छापून मोकळा होतो, आणि ते कोणीही आकाशाशी ताडून पाहावेत अशी जोखीम घेतो, याचे मोल आम्हाला जास्त वाटते.

केतकर ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापुरात वारले. प्लूटोची बातमी जगाला कळून तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. त्या ग्रहाला नाव सुचवले ते ऑक्सफर्डच्या व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवण्यात आले, तेव्हा व्हेनिशियाबाई हयात होत्या.