पडद्यावरच्या भीतीचा शिल्पकार : फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ

भयपट म्हटला, की ठरावीक गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. अमावास्येची रात्र, करकरणारे दार, पांढरी साडी, हातातला कंदील आणि मागून येणारा पैंजणांचा आवाज. या वर्षी आमच्या चित्रपट मंडळाने एका लघु भयपटाची सुरुवात, म्हणजे पहिली तीन मिनिटे, चित्रित करावयाचे ठरविले, तेव्हा ही सारी सामग्री पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिली गेली. जवळ पैसा नव्हता, दिवे नव्हते आणि कॅमेरा म्हणजे एका मित्राचा मोबाइल. दिग्दर्शनाची जबाबदारी माझ्याकडे आली. अशा वेळी कोणा जाणत्याचे बोट धरावे, या हेतूने मी शोध घेऊ लागलो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन दिग्दर्शकापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ. त्याच्या 'नोस्फेराटू' या मूकपटाचे नाव चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. पण त्याचे आयुष्य आम्हां विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटावे असे आहे. ते येथे थोडक्यात सांगतो.

मुर्नाऊचा जन्म २८ डिसेंबर १८८८ रोजी जर्मनीतील बीलेफेल्ड या गावी झाला. त्याचे खरे आडनाव प्लुंपे. वडील कापडाच्या व्यवसायातले, घर सुखवस्तू. पुढे हे कुटुंब कासेल येथे राहावयास गेले. घरातल्या भावंडांना गोळा करून नाटके बसविण्याचा छंद त्याला लहानपणापासून होता. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने बर्लिन येथे भाषाशास्त्राचा आणि हायडेलबर्ग येथे कलेचा इतिहास व साहित्य यांचा अभ्यास केला. म्हणजे तोही आपल्यासारखाच कला शाखेचा विद्यार्थी. हायडेलबर्गला विद्यार्थ्यांच्या एका नाट्यप्रयोगात तो काम करीत असताना त्या काळचा थोर नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट याची नजर त्याच्यावर पडली आणि राइनहार्टने त्याला बर्लिनच्या आपल्या नाट्यशाळेत बोलावून घेतले. स्नेहसंमेलनातल्या नाटकाला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी ही घटना जरूर ध्यानात ठेवावी.

मुलाने रंगभूमीवर जावे हे वडिलांना पसंत नव्हते. या सुमारास त्याने बव्हेरियातल्या मुर्नाऊ या छोट्या गावाचे नाव आडनाव म्हणून घेतले आणि प्लुंपे हे नाव मागे पडले. राइनहार्टच्या सहवासात त्याने अभिनयापेक्षाही मोलाची गोष्ट आत्मसात केली असावी. रंगमंचावर प्रकाश कोठे पाडावयाचा यापेक्षा काळोख कोठे राखावयाचा, याचे भान त्याच्या पुढच्या प्रत्येक चित्रपटात दिसते.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. मुर्नाऊ आधी पायदळात पूर्व आघाडीवर आणि नंतर विमानदलात होता. त्याचा जिवलग मित्र, तरुण कवी हान्स एरेनबाऊम-डेगेले, १९१५ साली त्याच आघाडीवर मारला गेला. मुर्नाऊ स्वतः विमानाच्या अनेक अपघातांतून बचावला. १९१७ साली त्याचे विमान स्वित्झर्लंडच्या भूमीवर उतरले आणि युद्ध संपेपर्यंत त्याला तेथे स्थानबद्ध राहावे लागले. स्थानबद्धतेतही त्याने नाटके बसविलीच. हे सर्व वाचताना माझ्या मनात एक विचार सारखा येत राहिला. ज्याने पंचविशी-तिशीत मृत्यू इतका जवळून पाहिला, त्याला भीती म्हणजे काय हे भुताखेतांच्या पुस्तकांतून शिकण्याची गरज उरली नसावी.

१९१९ साली तो जर्मनीस परतला आणि चित्रपटांकडे वळला. त्याचा पहिला चित्रपट आज उपलब्ध नाही. १९२० साली त्याने डॉक्टर जेकिल व मिस्टर हाइड यांच्या सुप्रसिद्ध कथेवर 'यानुसकोप्फ' हा चित्रपट काढला, तोही नष्ट झाला. त्याने दिग्दर्शित केलेल्या एकवीस चित्रपटांपैकी आठ आज हरवलेले मानले जातात. कलावंताच्या आयुष्यातला हा केवढा मोठा भाग!

१९२१ साली आल्बिन ग्राऊ आणि एन्रिको डिकमान यांनी बर्लिनमध्ये एक नवी चित्रपटसंस्था काढली. तिचे नाव 'प्राणा फिल्म'. हा प्राणा म्हणजे आपल्या संस्कृतातला प्राण हाच शब्द होय. ग्राऊला गूढविद्येचे वेड होते, त्यातून हे नाव आले. या संस्थेने पुष्कळ चित्रपटांचे बेत केले, पण तिच्या हातून पुरा झाला तो एकच, 'नोस्फेराटू'. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवर तो आधारलेला होता. मात्र तिचे हक्क विकत घेतलेले नव्हते. म्हणून पटकथाकार हेन्रिक गालेन याने नावे बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला आणि लंडनऐवजी विस्बोर्ग नावाचे एक कल्पित जर्मन गाव घेतले.

मुर्नाऊची पूर्वतयारी हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा धडा ठरला. प्रत्येक प्रसंगाची रेखाटने त्याने आधी करून ठेवली होती. पटकथेच्या प्रतीवर कॅमेरा कोठे ठेवावयाचा, प्रकाश कसा असावा, याच्या सूचना त्याच्या हस्ताक्षरात आढळतात. नटांच्या हालचालींना एक लय असावी म्हणून तो संगीतातले तालयंत्र, म्हणजे मेट्रोनोम, वापरीत असे. खर्च परवडत नसल्याने छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर याच्या हाताशी कॅमेरा एकच होता. हे वाचल्यावर आमच्या एका मोबाइलची आम्हांला लाज वाटेनाशी झाली. आम्हीही एका वहीत चोवीस चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत एकेक दृश्य रेखाटले. मेट्रोनोमच्या जागी आमचा तबलजी मित्र बसला. चित्रण चालू असता तो मांडीवर संथ ठेका धरी आणि त्या लयीत पावले पडत.

त्या काळी स्टुडिओत सारे जग उभे करण्याची जर्मन दिग्दर्शकांना मोठी हौस होती. रंगविलेल्या वाकड्यातिकड्या भिंतींचा 'डॉक्टर कॅलिगरी' १९२० साली गाजला होता. मुर्नाऊने आतील दृश्ये बर्लिनच्या स्टुडिओत घेतली, पण बाह्यचित्रणासाठी तो खऱ्या जागा शोधीत हिंडला. विस्मार या बंदराच्या गावातला बाजारचौक त्याने चर्चच्या मनोऱ्यावरून टिपला. ल्यूबेक येथील मिठाची जुनी गोदामे काउंटचे नवे घर झाली. स्लोव्हाकियातला डोंगरकड्यावरचा ओरावा किल्ला त्याचा वाडा झाला. खरी झाडे, खरी लाट, खरा दगड, आणि त्यांतून चालत येणारी एकच अस्वाभाविक आकृती! चित्रपटाचा अर्धा परिणाम या विरोधात आहे. माक्स श्रेक या नटाने ती भूमिका केली. त्याच्या आडनावाचा जर्मन अर्थच धास्ती असा आहे, आणि ते त्याचे खरे आडनाव होते.

आणखी एक गंमत सांगतो. त्या वेळची फिल्म रात्रीच्या चित्रणाइतकी संवेदनक्षम नव्हती. म्हणून रात्रीची दृश्येही दिवसाउजेडी घेऊन त्या फिती निळ्या रंगवीत. काउंटचा रथ जंगलातून धावतो तेथे मुर्नाऊने सरळ निगेटिव्हच वापरली, त्यामुळे झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते. दिव्यांच्या अभावाने अडलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

पण आमच्या मंडळातला खरा वाद निराळाच होता, तो पहिल्या तीन मिनिटांत भूत दाखवावयाचे की नाही, हा. बहुतेकांचे मत होते, की भूत न दाखविल्यास प्रेक्षक उठून जाईल. मी 'नोस्फेराटू'ची सुरुवात सर्वांना पुन्हा पुन्हा दाखविली. तिच्यात काय आहे? एका जुन्या रोगराईच्या बखरीचे पान. मनोऱ्यावरून दिसणारे शांत गाव. आरशासमोर कपडे ठाकठीक करणारा हुटर हा आनंदी तरुण. खिडकीशी मांजराच्या पिलाला खेळविणारी त्याची पत्नी एलेन. तो बागेत जातो, फुले तोडतो आणि हसत हसत तिच्या हाती देतो. ती मात्र खिन्न होते आणि ही सुंदर फुले त्याने मारली कशाला, असे विचारते. पुढे रस्त्यात भेटलेले एक प्राध्यापक त्याला घाई न करण्याविषयी बजावतात. बस्स, इतकेच. भूत नाही, काळोख नाही, सगळीकडे ऊन आहे. काउंटचे दर्शन यानंतर पुष्कळ वेळाने घडते.

मग अंगावर काटा येतो तो कशाने? माझ्या मते, त्या तोडलेल्या फुलांनी. दिग्दर्शकाने आपल्याला आधी एक घर दाखविले, त्या घरातले प्रेम दाखविले आणि ते किती सहज खुडले जाऊ शकते हेही दाखविले. जे गमावण्याची धास्ती वाटावी असे काही समोर नसेल, तर भूत कितीही अक्राळविक्राळ असले तरी ते केवळ सोंग ठरते.

शेवटी मंडळाने हात वर करून मत घेतले आणि भूत एका मताने हरले. चित्रणासाठी गावातला एक जुना वाडा मिळाला, पण रात्री थांबण्याची मुभा नव्हती. म्हणून आमचा प्रसंग सकाळी सातचा. एक आजी अंगणात तुळशीवृंदावनापुढे रांगोळी काढते आहे. नातू आतून धावत येतो, तिच्या गळ्यात पडतो आणि निघताना त्याच्या पायाने रांगोळीचा एक कोपरा पुसला जातो. आजी त्या कोपऱ्याकडे पाहत राहते. एवढेच. आजीचे काम वाड्याच्या मालकीणबाईंनीच केले. आम्ही त्यांना काकू म्हणतो. दृश्य कसे हवे ते समजावून सांगितल्यावर त्या सहज बोलून गेल्या, की त्या रोज रांगोळी काढतात, पण कित्येक वर्षांत ती पुसायला घरात मूलच उरलेले नाही. आम्ही सारे गप्प झालो. पुढे कॅमेरा सुरू झाला तेव्हा त्यांना अभिनय सांगावा लागला नाही. भूतवाल्या पक्षाचा विरोधही त्या सकाळी मावळला.

मुर्नाऊचा चित्रपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात थाटामाटाने प्रथम दाखविण्यात आला. पण लवकरच स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी हक्कभंगाची फिर्याद केली. प्राणा फिल्मचे दिवाळे वाजले. १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा निर्णय झाला. न्यायाच्या दृष्टीने फ्लॉरेन्सबाईंची बाजू खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही काही प्रती तोवर परदेशी पोहोचल्या होत्या, त्या वाचल्या. पुढे संशोधकांनी निरनिराळ्या प्रतींचे तुकडे जुळवून चित्रपट पुन्हा उभा केला. सूर्यकिरणांनी पिशाच नाहीसे होते, ही आज सर्वत्र रूढ झालेली कल्पना मूळ कादंबरीत नाही. ती या चित्रपटाची देणगी आहे.

मुर्नाऊ स्वतः मात्र भयपटात अडकून पडला नाही. १९२४ साली त्याने 'द लास्ट लाफ' या नावाने इंग्रजीत ओळखला जाणारा चित्रपट केला. हॉटेलच्या एका वृद्ध दरवानाचा गणवेश काढून घेतला जातो, एवढीच त्याची कथा. छायालेखक कार्ल फ्रॉइंड याने कॅमेरा छातीला बांधून सायकलवरून चित्रण केले आणि कॅमेरा जागचा हलला. १९२६ साली 'फाउस्ट' झाला. त्यानंतर अमेरिकेत काढलेल्या 'सनराइज'ला (१९२७) पहिल्याच ऑस्कर समारंभात कलात्मक चित्रपटाचा खास पुरस्कार मिळाला.

जर्मन छायाप्रकाशाचे हे वारे आपल्याकडेही पोहोचले. प्रभातची मंडळी १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीस जाऊन आली आणि पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा पडदाभर डोळा प्रेक्षकांनी पाहिला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये म्यूनिकचे जोसेफ विर्शिंग छायालेखक होते. १९४९ सालच्या 'महल'मधील गूढ सावल्या त्यांच्याच कॅमेऱ्याच्या.

स्टुडिओंच्या बंधनांना कंटाळून मुर्नाऊ शेवटी ताहिती बेटांकडे गेला आणि तेथील रहिवाशांना घेऊन त्याने 'टाबू' हा चित्रपट केला. त्याचा पहिला खेळ १८ मार्च १९३१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला, पण तो पाहावयास मुर्नाऊ हयात नव्हता. आठवडाभर आधी कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या रस्त्यावर त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि ११ मार्च रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. बर्लिनजवळ श्टान्सडोर्फ येथे त्याचे दफन झाले. दैवाची क्रूर थट्टा अशी, की २०१५ साली कोणी तरी ते थडगे उघडून त्याच्या देहाचे शिर चोरून नेले. भयपटवाल्यांचे एखादे आततायी वेड त्यामागे असावे.

अशांना मुर्नाऊ कळलाच नाही असे मला वाटते. कवट्या आणि थडगी यांत त्याची भीती कधी नव्हतीच. युद्धात मित्र गमावलेला, स्वतः मरता मरता वाचलेला हा माणूस पडद्यावर सांगत राहिला तो एवढेच, की माणसाचे सुख फार नाजूक असते आणि ते ज्याला कळले त्यालाच खरी भीती कळते. त्याच्या चित्रपटांपैकी आठ काळाने गिळले, एकाला तर कायद्याने मृत्युदंड दिला होता. तरीही ऊन पडलेल्या बागेत फुले तोडणारा तो तरुण आजही हसत हसत घराकडे वळतो आणि शंभर वर्षांनंतरचा प्रेक्षक मनातल्या मनात त्याला थांबवू पाहतो.